लस घ्यायची आहे, मग संधिवाताच्या गोळ्यांचं काय?

आमवाताच्या (र्‍ह्युमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) पेशंटला कुणी फ्लूची लस घ्यायला सांगितलं की घरात लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, "एवढी कडक औषधं चालू असताना लस नको, अंगावर येईल." दुसऱ्याचं म्हणणं, "मग आठवडाभर सगळ्या गोळ्या बंद ठेव आणि घेऊन टाक." दोघेही काळजीपोटीच बोलत असतात, पण बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. पहिल्याचं ऐकलं तर लस राहून जाते. दुसऱ्याचं ऐकलं तर सांधे सुजतात, आणि पुढच्या वर्षी लशीचं नाव काढायची सोय राहत नाही.

खरं उत्तर यापेक्षा सोपं आहे. बहुतेक लशी बहुतेक औषधांबरोबर, काहीही न थांबवता घेता येतात. काही थांबवायचं झालंच तर सहसा एकच औषध, म्हणजे आमवातात सर्रास दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट, थांबवायचं असतं, तेही थोडे दिवस, आणि लशीच्या आधी नव्हे तर नंतर. याला दोन मोठे अपवाद आहेत: रिटुक्सिमॅब हे औषध आणि जिवंत लशी (ज्यांत जंतू मारलेला नसतो, फक्त दुबळा केलेला असतो). हा लेख मुख्यतः या अपवादांचाच आहे.

आमवात, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, ल्युपस अशा आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि अवयवांवर उलटते. औषधं तिला आवरतात. पण आवरलेली प्रतिकारशक्ती जंतूंशीही थोडी कमी ताकदीने लढते. त्यामुळे न्यूमोनिया, फ्लू, नागीण यांचा धोका या पेशंटना इतरांपेक्षा जास्त असतो. आमवात असलेल्यांना नागीण होण्याचं प्रमाण तर साधारण दुप्पट आहे. म्हणजे लशीची गरज ज्यांना जास्त, त्यांच्याच शरीरात लशीचा परिणाम कमी होण्याची शक्यता. औषधांच्या वेळा जुळवायचा सगळा खटाटोप यासाठी आहे. लस या औषधांबरोबर "रिअ‍ॅक्शन" देते म्हणून नाही. निदान जिवंत नसलेल्या लशींबाबत तरी नाही.

मेथोट्रेक्सेट: दोन डोस सोडायचे, पण केव्हा?

लस टोचली की जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये, हाताला टोचली असेल तर मुख्यतः काखेतल्या, काम सुरू होतं. त्या जंतूची ओळख पटणाऱ्या मोजक्या बी-पेशी निवडल्या जातात, त्या झपाट्याने वाढतात आणि त्यातल्या काही प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, बनवायला लागतात. पहिल्या दोनेक आठवड्यांत ही वाढ जोरात असते. मेथोट्रेक्सेटचा रोख वेगाने वाढणाऱ्या पेशींवरच असतो, त्यामुळे नेमक्या याच काळात ते आडवं येतं. रानात पेरलेलं उगवून येईपर्यंत गुरं आत सोडत नाहीत, तसंच हे. म्हणून विश्रांती लशीनंतर द्यायची. लशीच्या आधी आठवडाभर गोळ्या बंद ठेवून, लस घेतल्याच्या रात्री पुन्हा सुरू करणारे पेशंट आहेत. त्यात त्रास तेवढा होतो, फायदा जवळपास नाही.

हा नुसता अंदाज नाही. दक्षिण कोरियात आमवाताच्या ३१६ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लूच्या लशीनंतर अर्ध्या लोकांनी दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं, उरलेल्यांनी चालू ठेवलं. समाधानकारक प्रतिसाद थांबवणाऱ्यांपैकी ७५.५ टक्के लोकांत दिसला, चालू ठेवणाऱ्यांत ५४.५ टक्के. फरक मोठा आहे. पण दुसरा आकडाही नीट पाहा: औषध चालू ठेवूनही निम्म्याहून अधिक लोकांना लस व्यवस्थित लागू पडली. म्हणून औषध थांबवणं जमत नसेल, तर तेवढ्यासाठी लस टाळायची नाही.

ब्रिटनमध्ये कोविडच्या बूस्टरनंतर असाच प्रयोग झाला. दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवणाऱ्यांत प्रतिपिंडं जवळपास दुपटीने जास्त आढळली. त्यांच्यात सांधे उफाळल्याच्या तक्रारीही जास्त होत्या, मात्र एकूण तब्येत आणि रोजचं जगणं यात दोन गटांत फरक पडला नाही. म्हणजे किंमत आहे, पण स्थिर पेशंटला सोसण्यासारखी.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍ह्युमॅटॉलॉजीने, २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत यातून एक मर्यादित सल्ला काढला: फ्लूच्या लशीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवा, तेही आजार आटोक्यात असेल तर. न्यूमोनिया, नागीण (नवी लस), धनुर्वात, कावीळ ब अशा बाकीच्या जिवंत नसलेल्या लशींसाठी ते चालू ठेवा. कोविडच्या लशीनंतर काही डॉक्टर थांबवायला सांगतात, काही सांगत नाहीत. तिथे आपल्या आजाराची ठेवण माहीत असलेल्या डॉक्टरांचं ऐकावं.

आता प्रत्यक्षात हे कसं करायचं? मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. समजा तुमचा वार रविवार आहे. लस कोणत्याही वारी घेतली तरी नियम एकच: लशीनंतर येणारे पहिले दोन डोस सोडायचे, तिसरा घ्यायचा. लस रविवारीच घेतली, तर त्या दिवसाचा डोस सोडलेल्या दोनांतला पहिला. माझ्या आईची औषधं मी लावते. कॅलेंडरवर दर रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने "मे" लिहिलेलं असतं. लस घेऊन आलो की पुढचे दोन "मे" खोडायचे आणि तिसऱ्याला लाल गोल करायचा, एवढंच करतो. लाल गोल महत्त्वाचा, कारण थांबवलेलं औषध पुन्हा सुरू करायचं विसरणं फार सोपं असतं. पंधरा दिवस बरं वाटलं तर "आता कशाला" असं मनात येतंच, आणि महिन्याभराने सांधे त्याचं उत्तर देतात.

सोडलेले डोस नंतर भरून काढायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी नेहमीचाच डोस, एक गोळीही जास्त नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण मेथोट्रेक्सेट जास्त गेलं किंवा चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं.

सांधे सुजलेले आहेत, नुकताच आजार उफाळला होता, किंवा फुफ्फुस, डोळे, रक्तवाहिन्या यांनाही आजाराने धरलं आहे, अशा वेळी दोन आठवड्यांची सुट्टीसुद्धा महागात पडू शकते. तिथे डॉक्टर बहुधा औषध चालू ठेवूनच लस द्यायला सांगतील. आजार शांत व्हायची वाट पाहत लस लांबवणं मात्र बरोबर नाही. जिवंत नसलेली लस आजार जोरात असतानाही देता येते.

रिटुक्सिमॅब: इथे तारीखच सगळं ठरवते

रिटुक्सिमॅब सलाइनमधून दिलं जातं, साधारणपणे दर सहा महिन्यांनी किंवा गरजेप्रमाणे. ते बी-पेशींवरच्या सीडी-२० नावाच्या खुणेला धरतं आणि त्या पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा करतं. त्या परत यायला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. प्रतिपिंडं बनवायची ती याच पेशींनी. त्यामुळे सलाइननंतर महिन्याभरात लस घेतली तर तिचा मोठा भाग वाया जाण्याची शक्यता असते. अगदीच काही होत नाही असं नाही. प्रतिकारशक्तीतल्या दुसऱ्या पेशी, म्हणजे टी-पेशी, शाबूत असतात आणि त्या थोडा धडा शिकतात.

दिलासा देणारी एक गोष्ट पेशंटना फारशी सांगितली जात नाही: आधी घेतलेल्या लशींचं संरक्षण रिटुक्सिमॅबने एकदम पुसलं जात नाही. जुनी प्रतिपिंडं बनवत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२०ची खूण नसते, त्यामुळे त्या बऱ्याच अंशी सुटतात.

म्हणूनच रिटुक्सिमॅब सुरू करायचं ठरलं की त्याच भेटीत लशींचा विषय काढावा. शक्य असेल तर पहिल्या सलाइनच्या किमान चार आठवडे आधी लशी उरकाव्यात. उपचार आधीच चालू असेल तर अमेरिकन सूचना अशी की पुढच्या सलाइनची वेळ येईल तेव्हा आधी लस घ्यावी आणि मग किमान दोन आठवडे थांबून सलाइन घ्यावं. युरोपातली संघटना यूलार २०१९ साली याहून थोडी कडक होती: मागच्या सलाइननंतर निदान सहा महिने आणि पुढच्याच्या चार आठवडे आधी. दोन्हींचा गाभा एकच, की दोन सलाइनच्या मधल्या काळाच्या शेवटाकडे लस घ्यायची.

फ्लूची लस याला अपवाद. फ्लूची साथ तुमच्या सलाइनच्या तारखा बघून येत नाही. हंगाम तोंडावर असेल तर रिटुक्सिमॅब केव्हाही झालेलं असो, लस घ्यावी. मिळेल तेवढं संरक्षण मिळवावं.

बाकीची औषधं

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन कुठल्याही लशीसाठी थांबवायची गरज नाही. लेफ्लुनोमाइड, अ‍ॅझाथायोप्रिन, अ‍ॅडालिमुमॅब आणि इटानरसेप्टसारखी टीएनएफ-विरोधी इंजेक्शनं, टोसिलिझुमॅब, टोफासिटिनिबसारख्या जॅक गटातल्या गोळ्या, हे सगळं जिवंत नसलेल्या लशीबरोबर चालूच ठेवायचं असतं. यातल्या काहींमुळे प्रतिसाद थोडा कमी होतो (अ‍ॅबाटासेप्टने जरा जास्त), पण थांबवून होणाऱ्या फायद्यापेक्षा आजार उसळण्याचा धोका मोठा धरला जातो. दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर लस बसवायची धडपडही नको. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी घ्यावी.

स्टिरॉइडचं थोडं वेगळं आहे. प्रेडनिसोलोन दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर विचार करायलाच नको, लस घ्यावी. १० ते २०च्या मध्ये असलं तरी घ्यावी. २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर फ्लूची लस तरीही घ्यायची, बाकीच्या मात्र डोस २०च्या खाली येईपर्यंत थांबू शकतात. पण तो डोस डॉक्टरच हळूहळू खाली आणतील. लशीसाठी स्टिरॉइड एकदम बंद करणं हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं बनवणं मंदावतं. ते अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून पेशंट कोसळू शकतो.

जिवंत लस म्हणजे नेमकी कोणती?

जिवंत लशीत जंतू मारलेला नसतो, दुबळा केलेला असतो. धडधाकट माणसाच्या शरीरात तो थोडा वाढतो आणि आवरला जातो. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर तो आवरला जाईलच याची खात्री नसते. त्यामुळे इथला प्रश्न परिणामाचा नाही, सुरक्षिततेचा आहे, आणि "थोडं चालून जाईल" असं इथे म्हणता येत नाही.

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर, बीसीजी, तोंडावाटे द्यायचे पोलिओचे थेंब, नाकात फवारायची फ्लूची लस, या सगळ्या जिवंत. घोटाळा होतो तो एकाच आजाराच्या दोन प्रकारच्या लशी असतात तिथे. फ्लूचं इंजेक्शन जिवंत नाही, नाकातला फवारा जिवंत आहे. टायफॉइडचं इंजेक्शन जिवंत नाही, कॅप्सूल जिवंत आहेत. जपानी मेंदूज्वर आणि कावीळ अ यांच्याही दोन्ही प्रकारच्या लशी आहेत. म्हणून लस देणाऱ्याला आजाराचं नाव सांगून थांबू नका, "ही जिवंत आहे का?" असं सरळ विचारा. बाटलीवर किंवा आतल्या कागदावर ते लिहिलेलं असतं.

नागिणीच्या लशीबाबत हा गोंधळ सर्वांत जास्त दिसतो. जुनी लस जिवंत होती, त्यामुळे "संधिवातवाल्यांना नागिणीची लस चालत नाही" ही समजूत पक्की झाली. आता वापरली जाते ती नवी लस जिवंत नाही. तिच्यात विषाणूचं फक्त एक प्रथिन असतं. तिचे दोन डोस एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्यांना दुसरा डोस एक ते दोन महिन्यांतही देता येतो, आणि वयाची पन्नाशी गाठायची वाट पाहावी लागत नाही. जॅक गटातल्या गोळ्यांनी नागिणीचा धोका आणखी वाढतो. त्या गोळ्या सुरू होणार असतील तर ही लस मागून घ्यावी, कुणी आपणहून सुचवेल याची वाट पाहू नये. नागीण बरी झाल्यावरही मागे राहणारी जळजळ महिनोन्‌महिने झोपू देत नाही.

जिवंत लस घ्यावीच लागली तर औषधांची सुट्टी लांब असते. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, अ‍ॅझाथायोप्रिन साधारण चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. जॅक गोळ्या एक आठवडा आधी. बायोलॉजिक इंजेक्शनं (वर सांगितलेली टीएनएफ-विरोधी, टोसिलिझुमॅब, अ‍ॅबाटासेप्ट यांसारखी), दोन डोसांत जेवढं अंतर असतं तेवढं आधी. रिटुक्सिमॅब तर सहा महिने आधी. नंतरचे चार आठवडे सगळ्यांनाच. म्हणजे दोन महिने आमवात मोकाट. माझ्या मते, साथीचा खरा धोका असल्याशिवाय मोठ्या माणसाने या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा निदान झाल्या झाल्या, मोठी औषधं सुरू होण्याआधी, कांजिण्या आणि गोवर होऊन गेलेत का, लशी झाल्यात का, हे तपासून घेणं शहाणपणाचं. कावीळ ब ची रक्ततपासणीही तेव्हाच होते, कारण शरीरात दडलेला तो विषाणू बायोलॉजिक औषधांनी पुन्हा जागा होऊ शकतो.

यलो फीव्हरचा प्रश्न प्रवासाचा असतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जाताना त्याचं प्रमाणपत्र मागतात. ते लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं, म्हणजे आजारापूर्वी कधी घेतली असेल तर जुना कागद शोधा. नसेल तर लस देता येत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र मिळू शकतं. ते पत्र सीमेवरचा प्रश्न सोडवतं, डासांचा सोडवत नाही. साथ चालू असलेल्या भागात जाणं तेव्हा टाळलेलंच बरं.

बाळाची बीसीजी

हा मुद्दा सर्वांत सहज निसटतो, म्हणून वेगळा लिहितेय. गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईने टीएनएफ-विरोधी किंवा दुसरं बायोलॉजिक इंजेक्शन घेतलं असेल तर त्यातली बरीचशी औषधं नाळेतून बाळाच्या रक्तात जातात आणि जन्मानंतर काही महिने टिकतात. अशा बाळाला निदान पहिल्या सहा महिन्यांत तरी बीसीजी देऊ नये. एका बाळाचा बीसीजीचा संसर्ग अंगभर पसरून मृत्यू झाल्याची नोंद २०१० साली वैद्यकीय साहित्यात आली आहे. त्याच्या आईला गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब दिलं होतं. अनेक ठिकाणी बीसीजी जन्मानंतर लगेच टोचतात, तेव्हा हे बाळंतपणाआधीच बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घालून कागदावर लिहून ठेवायला हवं. ऐन वेळी आईला ते आठवेल अशी अपेक्षा ठेवू नये. रोटाव्हायरसच्या (जुलाबाविरुद्धच्या, याही जिवंत) थेंबांचा निर्णय आईने कोणतं औषध घेतलं यावर ठरतो, तोही आधीच विचारून ठेवावा. बाकीच्या जिवंत नसलेल्या लशी बाळाला वेळेवरच द्यायच्या.

जिथे थांबायचंच नाही

कुत्रा चावला किंवा मळकी, खोल जखम झाली तर वर लिहिलेलं वेळापत्रक सगळं बाजूला. रेबीजची आणि धनुर्वाताची लस लगेच, औषधं कोणतीही चालू असोत. दोन्ही जिवंत नाहीत. मात्र "मी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेते" हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण मग रेबीजला लशीबरोबर तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, द्यायचं आणि डोस पूर्ण द्यायचे, याची जास्त खबरदारी घ्यावी लागते. मागच्या सहा महिन्यांत रिटुक्सिमॅब झालं असेल तर धनुर्वातासाठीही अशी तयार प्रतिपिंडं द्यावी लागू शकतात.

घरच्यांनीही आपल्या लशी पूर्ण कराव्यात, फ्लूची तर दरवर्षी. पेशंटच्या शरीरात लस कमी लागू पडत असेल तर आजार घरात न येणं हाच मोठा आधार. घरातल्या मुलांना गोवर-कांजिण्यांच्या लशी बिनदिक्कत द्याव्यात. कांजिण्यांच्या लशीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ उठला तर तो जाईपर्यंत पेशंटने अंतर ठेवावं. पोलिओच्या थेंबांतला विषाणू बाळाच्या शौचातून बाहेर पडतो, तेव्हा त्या दिवसांत लंगोट बदलण्याचं काम दुसऱ्या कुणी करावं.

लशीनंतर एक-दोन दिवस कणकण, दंड दुखणं, अंग मोडून येणं हे नेहमीचं. त्यावर पॅरासिटामॉल चालतं, मात्र त्रास व्हायच्या आधीच खबरदारी म्हणून घेऊ नये. आजार उफाळला असेल तर तो ओळखीचाच वाटतो: तेच सांधे, तीच सूज, सकाळी मूठ मिटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ. हे चार-पाच दिवसांत ओसरलं नाही तर डॉक्टरांना फोन करावा. ताप चढत गेला, धाप लागली तर वाट पाहूच नये. लशीने ताप येतो म्हणून खरा संसर्ग अंगावर काढायचा नाही.

फ्लूच्या लशीनंतर सवयीने मेथोट्रेक्सेट घेऊन टाकलं, तर घाबरू नका. लस वाया गेलेली नाही, पुन्हा टोचून घ्यायची नाही, आणि प्रतिपिंडं मोजायच्या तपासणीवरही पैसे घालवायचे नाहीत. पुढचा डोस घ्यायचा की सोडायचा एवढंच डॉक्टरांना विचारा. चुकून जिवंत लस टोचली गेली असेल तर मात्र त्याच दिवशी, लशीचं नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख हाताशी ठेवून फोन करा.